ओल्या पायरीची पंगत

तांबळी नदीकाठच्या जुन्या बंगल्याचं आता हॉटेल झालंय. हिरवळीवर रिसेप्शनं होतात, स्टेजवर सिंहासनासारख्या खुर्च्या लागतात, ड्रोनवाले येतात. पण जेवणाची वेळ झाली की नवरानवरी आधी चपला काढून घाट उतरतात. नवऱ्या मुलाची आई अगदी खालच्या, ओल्या पायरीवर बसते. समोर एक होडी बांधलेली असते. पहिलं पान त्या होडीत वाढतात. त्यानंतरच वर बुफेची झाकणं उघडतात.

हे कशामुळे, ते ऐका. गोष्ट अक्षरन्अक्षर खरी आहे, या नदीची शपथ. आमच्या पणजोबांनी डोळ्यांनी पाहिलेली. म्हणजे पणजोबा तेव्हा पाळण्यात होते. पण पाळणा नदीकडे तोंड करून होता.

त्या काळी इथे पूल नव्हता. हा बंगला उतारूंच्या मुक्कामाचा, आणि पलीकडच्या कांदळवाडीचा सोमा तारी होडी चालवायचा. एका पुरात सोमाचा धाकटा भाऊ याच घाटासमोर बुडाला. अलीकडच्या पेठेतली माणसं पायऱ्यांवर उभी होती म्हणे, आणि एकानेही दोर टाकला नाही. सोमाने ओंजळीत पाणी घेऊन शपथ वाहिली: जिवात जीव आहे तोवर या काठाला पाय लावणार नाही. होडी मात्र त्याने बंद केली नाही. पेठकरांना आणून सोडायचा आणि तसाच उलटा फिरायचा.

पुढे त्याच पेठेतल्या आवडाबाईंच्या मुलाशी त्याच्या शेवंतीचं जमलं. सोमा मोडता घालणार, असं सगळे धरून चालले होते. तो एवढंच म्हणाला, की शपथ माझी आहे, पोरीची नाही. लग्न या बंगल्यात ठरलं. सोमाने लेकीला स्वतः वल्हवत आणलं, मामाने तिला उचलून पायरीवर घेतलं, आणि बाप होडीतच बसून राहिला. अक्षता त्याने तिथूनच टाकल्या. त्या पाण्यात पडल्या.

लग्न लागलं, पानं मांडली. व्याही बसल्याशिवाय पंगत सुरू व्हायची नाही, आणि व्याह्याचा पाट रिकामा. शेवंती उठून पडवीच्या कठड्यापाशी गेली. भात निवू लागला. वऱ्हाडातलं कोणी म्हणालं, "बाप होडीत, लेक मांडवात. मग वाढायला काय मासे येणार?" माणसं हसली. शेवंतीने मान खाली घातली नाही. तिला दोन्ही कळत होतं. बापाने शपथ मोडली तर काका दुसऱ्यांदा बुडणार, आणि बाप उपाशी परतला तर या घरातला एकही घास तिच्या घशाखाली उतरणार नाही. खालून सोमा हातानेच खुणावत होता, जेव तू, जेव.

ती सासूकडे वळली. "बाबांना वर बोलावू नका. शपथ मोडून आलेले मला बघवणार नाहीत."

आणि मग, असं सांगतात, तांबळी चढली. ना पाऊस, ना भरतीची वेळ. पायरीमागून पायरी बुडत गेली आणि होडी थेट पडवीला येऊन लागली. सोमाने काठाला पाय न लावता होडीतच पान घेतलं. त्याचा घास पोटात गेला, तेव्हा कुठे पाणी उतरलं.

म्हणून आजही इथे पहिलं पान होडीत वाढतात.

मागे एका रिसेप्शनला आलेल्या आजींनी मला अडवलं. "पाणी पडवीला लागलं होतं, तर विहीण खाली चिखलात कशाला बसते हो?" त्यांना सांगावं लागलं, तसं तुम्हालाही सांगतो. पाणी चढलं, ते माझं. नदी त्या दिवशी जिथे होती तिथेच होती. विहिणीसाठी पायघड्या अंथरल्या होत्या. आवडाबाई त्यांवरून बाजूला झाल्या, सोमाचं पान दोन्ही हातांनी उचललं आणि शेवाळातून पार खालच्या पायरीपर्यंत गेल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. पान होडीत ठेवून म्हणाल्या, "व्याही, त्या दिवशी आम्ही वर उभे राहिलो. आज खाली आलोय. जेवा."

त्यांच्यामागून सगळी पंगत उतरली.

एवढंच खरं. पण नदी चढली म्हटलं की पाहुणे हात जोडतात. पेठ उतरली म्हटलं, तर कोणी विश्वास ठेवत नाही.