नऊ पट श्वास

"मग श्वास नऊ पट झाला तो काय उगाच, आप्पा?"

कौमुदीने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा बसून, दुसऱ्यांदा उभी राहून, आणि आता येरझाऱ्या घालता घालता.

मायाप्पा बाभळीखाली बसून घोंगडीत घुसलेली कुसळं काढत होते. कुसळं चिवट असतात. म्हातारा त्यांच्याहून चिवट होता.

"कुणाचा श्वास?" त्यांनी विचारलं.

"मातीचा. म्हणजे मातीतल्या जिवांचा. चिमूटभर मातीत कोट्यवधी असतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते श्वास सोडतात आणि माझं यंत्र तो मोजतं. दोन वर्षं कुरण कोरडं ठणठणीत होतं, तेव्हा आकडा जागचा हलत नव्हता. पाणी सोडलं, आणि एका दिवसात नऊ पट!"

"बरं."

'बरं' या शब्दानं माणसाचं डोकं जेवढं फिरतं, तेवढं शिवीनंही फिरत नाही.

दोन वर्षांपूर्वी ही कौमुदी विद्यापीठातून या माळावर आली, तेव्हा तिला पवन्या कुठला आणि मारवेल कुठला हेही कळत नव्हतं. मायाप्पांनी तिला गवताच्या काड्या चावायला लावून एकेक नाव शिकवलं. परिषदांमध्ये ती अभिमानाने सांगायची, माळावरचा एक धनगर माझा गुरू आहे. पण गेल्या गुरुवारपासून तिला वाटायला लागलं होतं, की शिकायचं होतं तेवढं बहुधा शिकून झालं.

झालं होतं असं. दोन वर्षं पाऊस रुसलेला. ऐंशी एकरांचं कुरण वाळून करडं पडलेलं. फाल्गुनात पाटाला जादाचं पाणी आलं, तेव्हा गावाने तिला विचारलं, कुरणात सोडायचं का? ती म्हणाली, सोडा. एकदम सोडा, भरपूर सोडा. बुधवारी पाणी सोडलं. गुरुवारी यंत्राने नऊ पट श्वास दाखवला. त्याच संध्याकाळी देवळात बैठक बसली आणि हिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "कुरण जिवंत झालं. सोमवारी खुशाल मेंढरं घाला." उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते नवरीलाही लागू पडतं.

आज सोमवार होता. तीन घरांची चारशे मेंढरं सकाळपासून कुरणाच्या तोंडाशी कोंडाळं करून उभी होती. हिरव्याचा वास लागलेला, पोटं खपाटीला गेलेली. त्यांचं ओरडणं इथवर येत होतं.

आणि तोंडावर बाभळीची काटेरी फांदी आडवी पडली होती. तिला मायाप्पांखेरीज कुणी हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज. कुरण उघडायचं ते त्यांच्या हाताने.

मायाप्पा सकाळपासून उठले नव्हते.

"कोंब फुटलेत, आप्पा. नुसते डोळे उघडून बघा ना."

"बघितल्यात. ते मुळाच्या शिदोरीवर आल्यात. मातीनं अजून काय दिलं न्हाई त्यास्नी."

"माती जिवंत झाली की देईल! शितावरून भाताची परीक्षा करतात ना?"

"करत्यात. पण उकळी फुटली की लगीच न्हाई."

कौमुदी पुन्हा चालायला लागली.

मायाप्पांनी एक कुसळ उपटलं, बोटांत फिरवून बघितलं आणि टाकलं.

"आज किती?"

"काय किती?"

"श्वास."

…

"आज… मोजला नाही."

तिचा आवाज तिलाच परका वाटला. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं. मायाप्पांनी तिच्याकडे बघितलंही नाही, आणि त्यानेच तिचे कान गरम झाले.

तिने मोजला होता. शुक्रवारी आकडा निम्म्यावर आला होता. शनिवारी त्याच्याही निम्म्यावर. तिने यंत्राची बॅटरी बदलली. रविवारी नळ्या धुतल्या. आज सकाळी माती अजून हाताला ओली लागत होती, पण आकडा जवळजवळ कोरड्या दिवसांइतका खाली आला होता. हे ती कुणाला बोलली नव्हती. ती मनाशी म्हणत होती, यंत्रच बिघडलं असणार.

मायाप्पा उठले. पाणी न पोचलेल्या उंचवट्यावर गेले आणि मातीची दोन ढेकळं घेऊन आले. दोन्ही लिंबाएवढी, वाळून टणक झालेली.

पहिलं ढेकूळ त्यांनी जर्मनच्या वाटीत ठेवलं. तांब्या उचलला आणि भडाभडा पाणी ओतलं.

ढेकूळ फुसफुसलं. अंगातून बुडबुडे सुटले, भराभर, एकामागून एक. आणि बघता बघता त्याच्या कडा सुटल्या, पोट फुटलं, आणि वाटीत नुसता गाळ उरला.

"श्वास सोडला की न्हाई?" मायाप्पा म्हणाले.

"…सोडला."

"लई सोडला."

त्यांनी वाटीतला गाळ फेकून दिला. मग डोक्याचा पटका सोडला, त्याचं टोक तांब्यात बुडवून पिळलं आणि ओल्या फडक्यावर दुसरं ढेकूळ ठेवलं.

"बस."

"आप्पा, तिकडे माणसं खोळंबलीत…"

"बस म्हणलं न्हवं?"

ती बसली. उठली. पुन्हा बसली. फोन वाजला. सिदू होता, सगळ्यात मोठ्या कळपाचा मालक. तिने फोन बंद केला. कुरणाच्या तोंडाशी कुणीतरी मेंढरांवर खेकसत होतं. ऊन डोक्यावर येत होतं. ढेकूळ जसंच्या तसं होतं. अशा वेळी माणसाला आपल्या हातांचं काय करावं ते कळत नाही. तिने ओढणीचं टोक चुरगाळून चुरगाळून दोरी करून टाकलं.

…

मग तिला दिसलं. ढेकळाच्या बुडाशी एक काळसर कड चढली होती. बोटभरसुद्धा नाही.

ती कड वर सरकत होती. इतकी हळू, की बघत राहिलं तर थांबल्यासारखी वाटावी.

मायाप्पांनी फडक्यावर आणखी चार थेंब शिंपडले. पुन्हा वाट बघितली. पुन्हा चार थेंब. कितीतरी वेळाने ढेकूळ शेंड्यापर्यंत काळं झालं, तेव्हा त्यांनी ते अलगद उचलून वाटीत ठेवलं आणि वर काठोकाठ पाणी ओतलं.

ढेकूळ पाण्यात बसून राहिलं. एक कण सुटला नाही.

कौमुदी बघत राहिली. नवीन काहीच नव्हतं, हेच तिला जास्त लागलं. हे सगळं तिने वाचलं होतं. परीक्षेत लिहून पहिली आली होती. पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. दुष्काळ पडला की मातीतले हे जीव उरलीसुरली ओल धरून ठेवायला आपल्या अंगात क्षार साठवतात, गोड रस साठवतात, आणि कसाबसा जीव धरून दिवस काढतात. अशात अचानक पाणी आलं, की ते त्यांच्या अंगात धाड घातल्यासारखं घुसतं. कित्येकांना साठवलेलं ओकून टाकायला वेळच मिळत नाही. फुटतात. जे तगतात ते त्या सांडलेल्यावर तुटून पडतात. जेवढं खाणं, तेवढा श्वास. आकडा चढतो. सांडलेलं संपलं की आकडा उतरतो.

"आप्पा," ती म्हणाली, "मी मोजला आज."

"व्हय."

"उतरलाय. जिथं होता तिथं आलाय जवळजवळ."

"व्हय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुला बघून."

ती खाली बघायला लागली.

"पोरी, लांबनं पंगतीचा गलका ऐकू आला. पत्रावळ्या, वाढप्यांची हाकाटी, सगळं. लगीन हाय का तेरावं, कसं सांगशील?"

"…जवळ जाऊन बघावं लागेल."

"आन किती येळ?"

"पंगत उठेपर्यंत."

"तू कवा बैठकीत गेलीस?"

कौमुदीला एकदम रडू आलं. दोन वर्षं तिने या जिवांची एवढी काळजी वाहिली होती. मातीच्या पुड्यांवर नावं घातली, थंड पेटीत जपलं, त्यांच्यासाठी अंगात ताप असतानाही उन्हातान्हात फिरली. आणि पाणी द्यायच्या दिवशी तिनेच त्यांना बुडवलं होतं. शिवाय देवळात उभं राहून त्याच्या टाळ्याही घेतल्या होत्या.

"सगळे मेले का हो?"

"सगळी कशी मरत्याल? ती बारकी काय आजची हाईत व्हय? बापजाद्यांपासनं ऊनपाणी सोसून मुरल्याली. उरल्याली वाढत्याल. पण वाढायच्या आत डोस्क्यावर चारशे मेंढरांचं खूर नगं. वरनं कोंब खाल्लं की मूळ बी गेलं."

"आणि मेंढरं? ती उपाशी आहेत."

"वढ्याकडंच्या बाभळी शेंगांनी लवल्यात. सिदू शिव्या घालंल. पण पाडंल शेंगा. धा-पंधरा दिस निघतील."

तिने डोळे पुसले. मग तिला राग आला. रागही खराच होता.

"एवढं सगळं कळत होतं, तर बुधवारी का नाही बोललात? पाणी सोडताना तुम्ही तिथेच होता!"

"बोललो की."

"कधी?"

मायाप्पांनी ओला पटका झटकून बाभळीवर वाळत टाकला.

आणि तिला आठवलं. पाटाच्या तोंडाशी गर्दी होती, पोरं नाचत होती, ती फोनवर फोटो काढत होती. मागून कुणीतरी म्हणालं होतं, "जरा दमानं सोडा, पोरी. आदी पाझरू द्या." आणि ती मागे न बघता हसून म्हणाली होती, "आप्पा, आहे तोवर घेऊ या. पाणी काय पुन्हा पुन्हा येतंय?"

…

कुरणाच्या तोंडाशी आता भांडण जुंपल्यासारखा आवाज यायला लागला होता. सिदूचा आवाज सगळ्यांत वर होता. "बाईनं सगळ्या गावापुढं सांगितलंय! आता काय म्हाताऱ्याच्या पाया पडायचं का? काढा ती फांदी!"

कौमुदी ताडकन उठली. फांदी कुणी काढली तर संपलंच. चारशे मेंढरं आत शिरायला किती वेळ लागतो?

दहा पावलं गेली आणि थांबली. तिथे पोचून काय सांगायचं हे तिला माहीत होतं. ते तोंडातून कसं काढायचं हे माहीत नव्हतं. देवळातले सगळे चेहरे डोळ्यांसमोर आले. मी चुकले. जे जगताना दिसलं ते मरत होतं. पाणी मीच सोडायला लावलं. आता मेंढरं परत न्या… आणि मग सिदू तिच्याकडे कसा बघेल?

ती मागे वळली.

"आप्पा, चला ना. तुम्ही दोन शब्द बोला. तुम्ही सांगितलंत तर एक माणूस पुढे पाऊल टाकणार नाही."

मायाप्पा बाभळीखाली बसले. घोंगडी पुन्हा मांडीवर ओढली.

"बरं, बोलू नका. नुसते माझ्याशेजारी उभे राहा."

…

"आप्पा!"

"मी आलो तर ती माझं ऐकत्याल, पोरी. मग तुझं कोण ऐकंल?"