अकराव्या क्रमांकाची पावलं

एकदा एका अरण्याच्या काठी एक वृद्ध गृहस्थ राहत होते. त्यांना जी विद्या येत होती ती कुठल्याच विद्यापीठात शिकवत नाहीत. ते माग काढत. वाळूत उठलेला खूर, मोडलेलं गवताचं पातं, सालीला अडकलेला एखादा केस, एवढ्यावरून कोणतं जनावर आलं, केव्हा आलं, भुकेलं होतं की निवांत, हे ते सांगत. तुम्ही-आम्ही रोज सकाळी वर्तमानपत्र वाचतो, तरी काल नेमकं काय घडलं ते आपल्याला कळत नाही. हे गृहस्थ जमीन वाचत आणि त्यांना कळत असे. नाव दसरू आत्राम. पंचक्रोशी त्यांना दसरूबाबा म्हणे.

बाबांची शिष्या एकच, बारावीत शिकणारी प्रणिता कुमरे. तीन वर्षं, शाळेला सुट्टी असली की ती पहाटे बाबांच्या पाठोपाठ रानात जाई. बाबा थांबले की ती थांबे, बाबा वाकले की वाके, आणि घरी येऊन वहीत सगळं लिहून काढी. अशी शिष्या मिळाली तर कोणता गुरू खूश होणार नाही? दसरूबाबाही खूश होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तीच त्यांच्या अंगाशी आली.

तर त्या तालुक्यात दरवर्षी शाळांची वनकौशल्य स्पर्धा भरे. दोराच्या गाठी मारणं, होकायंत्रावर दिशा धरणं, पक्ष्यांचे आवाज ओळखणं असे काही प्रकार असत आणि शेवटची फेरी मागाची. त्या वर्षी या फेरीला वेगळंच महत्त्व आलं. बाबांचे गुडघे थकले होते. बाबा ज्यांच्यासाठी माग काढत त्या रानातल्या अभ्यास केंद्रानं ठरवलं, की जो ही फेरी जिंकेल त्याला वर्षभर बाबांच्या हाताखाली ठेवायचं आणि मग बाबांचं काम त्याच्याकडे सोपवायचं. जागा एकच होती. प्रणिताच्या घरी तिला स्पष्ट सांगितलेलं होतं, ही जागा मिळाली तर रान, नाही तर शहरात मामाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालायच्या. पोरीला आठवडाभर जेवण गोड लागलं नव्हतं.

फेरीचा नियम सोपा होता. बाबांनी पहाटे एका कोरड्या नाल्यातून फिरून वीस खुणा निवडल्या होत्या. कुठे चितळाच्या लेंड्या, कुठे रानडुकरानं उकरलेली माती, कुठे मोराचं पीस. झेंडी नाही, बाण नाही. स्पर्धकानं एकट्यानं नाल्यातून जायचं, खुणा शोधायच्या आणि कागदावर लिहायच्या. दर दहा मिनिटांनी एक जण सोडायचा. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात प्रणिताला अकरावा क्रमांक आला. म्हणजे शेवटचा. ती हिरमुसली.

निकाल मात्र असा लागला की सगळे अवाक झाले. प्रणिताच्या वीसच्या वीस खुणा बरोबर! दुसऱ्या क्रमांकाला चौदा होत्या. निकेश टेकाम नावाच्या एका मुलाला सगळ्यांत जास्त वेळ लागला आणि त्याला सापडल्या अवघ्या नऊ. मांडवात टाळ्या झाल्या. संयोजक सरांनी पुष्पगुच्छ उचलला. परीक्षक होते दसरूबाबा. त्यांनी मात्र कागद एकेक करून पुन्हा चाळले, एका कागदावर बराच वेळ अडले, आणि काठी उचलून नाल्याकडे चालू लागले.

"अहो बाबा, निकाल! पाहुणे खोळंबलेत!" सर ओरडले.

"निकाल तिकडंच पडला हाय. घेऊन येतो," बाबा म्हणाले आणि गेले.

आता याला काय म्हणावं? कागद मांडवात, उत्तरं मांडवात, मुलं मांडवात, आणि परीक्षक नाल्यात. पाऊण तास झाला. पाहुण्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि वरणभात पार निवला. मग बाबा परतले आणि प्रणिताला म्हणाले, "चाल माझ्यासंगं."

नाल्यात वाळूवर अकरा जणांच्या पावलांचा नुसता काला झाला होता. बाबांनी काठी टेकली. "यातले तुझे पाय कोणते?"

"हे." डाव्या चपलेची टाच झिजलेली, ओळखायला काहीच कठीण नव्हतं.

"आता असं समज, ही पोरगी तुले माहीतच नाई. ती काय करून राहिली ते वाच."

परीक्षा झाल्यावर पुन्हा परीक्षा! पण बाबांची आज्ञा. प्रणिता आपलीच पावलं वाचत निघाली. "इथं ती थांबली. इकडं गेली, परत आली. हे पाहा, इथं बसली. चितळाच्या लेंड्या सापडल्या तिले."

"बराबर. पुढं?"

तिसऱ्या खुणेपर्यंत पावलं अशीच होती, हरवलेली बांगडी शोधणाऱ्या बाईसारखी इकडून तिकडे फिरलेली. चौथीपासून ती सरळ झाली. लांब टांगा, कुठे वळण नाही, घुटमळणं नाही.

"इथून घाई झाली तिले," प्रणिता हळूच म्हणाली.

"घाईत माणूस चुकते. हे तर एकही चुकली नाई. काऊन?"

प्रणिता खाली मान घालून म्हणाली, "वाळूत गुडघे उमटले होते, बाबा. पुढं गेलेल्या पोरांचे. ज्याले खूण सापडली तो तिथं बसला. एकाले ही सापडली, दुसऱ्याले ती. म्हणून मी खुणा शोधणं सोडलं. गुडघेच पाहत गेली." आणि लगेच, जरा तोऱ्यात, "नियमात तसं करू नका असं कुठं लिहिलं होतं?"

"नाई लिहिलं. चोरी नाई केली तू, डोकं चालवलं." बाबा हसले. प्रणिताच्या जिवात जीव आला. "चाल अजून थोडी," ते म्हणाले.

नाला जिथे वळतो तिथे तिची पावलं एकाएकी वाट सोडून काठ चढली होती. थेट घाणेरीच्या दाट जाळीपर्यंत चार पावलं, आणि मग परत.

"इथं काऊन वळली?"

"कोणीतरी चपला काढून वर चढलं होतं. हे पाहा ना, अनवाणी पाय. मले वाटलं वर खूण असंन. पण जाळीपाशी काहीच दिसलं नाई."

"नाई दिसलं ते नशीब तुझं," बाबा म्हणाले. "या अनवाणी पायाचा अंगठा कोणत्या बाजूले हाय?"

ती वाकली. पाय रुंद, पाच बोटं जवळजवळ एका रांगेत, आणि सगळ्यांत मोठं बोट बाहेरच्या अंगाला. माणसाचा अंगठा आत असतो. थोडं पुढे वाळूत नखांच्या लांब रेघा होत्या. शेजारी तसाच, पण तळहाताएवढा एक ठसा.

प्रणितानं चटकन जाळीकडे पाहिलं. अस्वलाचा मागचा पाय हुबेहूब माणसाच्या अनवाणी पायासारखा उमटतो, हे तिनं स्वतः खालच्या वर्गातल्या मुलांना शंभरदा सांगितलं होतं. पिल्लू बरोबर असलेलं अस्वल किती वाईट, हेही सांगितलं होतं. आणि ती त्याच्या मागोमाग जाळीच्या तोंडाशी जाऊन आली होती.

"मी पहाटे खुणा पाहून गेलो, त्याच्यानंतर उतरलं हे," बाबा म्हणाले. "मी मघाशी पाहून आलो. टेकडीपल्याड गेलं आता. पण तू गेली तवा कुठं होतं, त्याले माहीत."

मग त्यांनी काठीनं वाळूतली एक कोमेजू लागलेली पळसाची डहाळी उचलली. त्या रानातली जुनी रीत आहे, पुढे धोका दिसला की मागून येणाऱ्यासाठी वाटेवर पाल्याची डहाळी आडवी टाकायची. ही डहाळी कुणाच्या तरी पायानं बाजूला ढकलली गेली होती. ठोकर कुणाची लागली ते विचारायची सोय नव्हती, सात-आठ चपला तिच्यावरून गेल्या होत्या. त्यातली एक झिजलेल्या टाचेची होती.

"कोणी टाकली?" प्रणितानं विचारलं, आणि स्वतःच वाळूत पाहू लागली. या वेळी ती घाई करत नव्हती. "हा इथं थांबला. गुडघ्यावर बसला. दोन पावलं मागं सरला. डहाळी तोडायले तिकडं गेला. मग पल्याडच्या काठानं लांबून गेला, म्हणून त्याच्या खुणा सुटल्या." ती थबकली. "निकेश."

"त्यानं कागदावर लिहिलं, 'अस्वल, पिल्लू संगं, आजचंच. पोरांना थांबवा.' नाल्याच्या टोकाशी बसलेल्या सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, समासात लिहिल्याचे गुण नाई भेटत, चाल पुढं." बाबांचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत तिनं त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. "वा रे नियम!"

प्रणिताचे डोळे भरून आले. "चुकली मी, बाबा."

"थांब. चूक वाचायची तर पुरी वाच." बाबा काठीवर भार टाकून तिच्यासमोर बसले. "तू आज माग काढला, आणि मोठा झकास काढला. पण तो माणसाचा काढला. जो माणसाच्या मागं चालते त्याले अस्वलाचा पायही माणसाचाच दिसते. ही सवय तुले कोणी लावली? मी. तीन वर्षं मी पुढं, तू मागं. मी थांबलो की तू थांबली. मले वाटे, पोरगी रान शिकून राहिली. पोरगी दसरू आत्राम शिकून राहिली होती, आणि म्हाताऱ्याले ते गोड लागत होतं. मी आज तुझे पाय वाचले आणि त्यात मले माझेच दिसले."



"मग निकाल?" तिनं विचारलं.

"तूच सांग जाऊन. पटला असंन तर सांग. नाई पटला तर वीस गुण तुझे हायत, कोणी काढून घेत नाई."

मांडवात पुष्पगुच्छ सुकायला लागला होता. प्रणितानं माइक हातात घेतला, तेव्हा तिच्यासमोर साड्यांच्या घड्या उभ्या राहिल्या असतील की नाही, ते तिचं तिला माहीत. ती म्हणाली, "माझ्या वीस खुणांतल्या सतरा मी शोधल्या नाहीत, तुम्ही सगळ्यांनी शोधल्या. एकविसावी खूण एकट्या निकेशला दिसली. जागा त्याची आहे." एवढं बोलून ती खाली उतरली आणि मांडवाच्या मागे जाऊन पोटभर रडली.

संध्याकाळी गावाकडे परतताना ती सवयीनं बाबांच्या मागे आली. बाबा बाजूला झाले. "आता तू पुढं."

"आता कशाले? जागा तर गेली."

"जागा केंद्राची होती, ते गेली. रान केंद्राचं हाय का? मामाले मी सांगतो थांबायले. रोज सकाळी ये, पण मी मागंच चालीन."

ती पुढे झाली. पहिल्यांदा तिला काहीच दिसेना. समोर कुणाची पाठ नाही, वाकणारा कुणी नाही, नुसती पायवाट. ती दहा पावलं चाले, थांबे, पुन्हा चाले. बाबा मागून काही सांगत नव्हते. बरंच अंतर गेल्यावर ती अचानक वळली.

"बाबा, पाय उचला."

"काऊन?"

"उचला तर खरं."

बाबांनी पाय उचलला. त्यांच्या वहाणेखाली साळिंदराचा इवलासा ठसा अर्धा दबला होता. दसरूबाबांनी तो पाहिला, आपल्या वहाणेकडे पाहिलं आणि रान दणाणेल असे हसले.

मी स्वतः मास्तर आहे. ही गोष्ट ऐकल्यापासून आठवड्यातून एक तास मी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतो.