आधी दार की कमान?

गप्प बसून कुणी काही मिळवलेलं ऐकलंय तुम्ही?

सगुणाकाकूंच्या वस्तीत बायकांच्या शौचालयाला दार नव्हतं आणि महापालिकेचे साहेब तिथे स्वागतकमान बांधायला निघाले होते. रहिवाशांचं मत घ्यायला बोलावलेल्या सभेत ते घाईघाईने म्हणाले, “आधी कमान. जो गप्प, त्याचा होकार!” बायका तोंड उघडेपर्यंत कमान मंजूरही झाली.

काकूंनी हसून साहेबांपुढे गुळाची चिक्की धरली. साहेबांनी मोठा तुकडा तोंडात टाकला आणि त्यांचे दातच चिकटले.

“कमानीआधी दार बसवायचं. तुमची हरकत, साहेब?”

साहेब नुसते हात हलवत राहिले.

“तोंडाने बोला की! नाही? मग होकारच. लिहा, भाऊसाहेब!”

टाळ्यांच्या कडकडाटात सभेची नोंद ठेवणाऱ्या कारकुनाने तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शौचालयाला दार बसलं.