ओली छाटी

"ओली? बुवा, ही ओली कशी हो?"

इंदूताईंनी छाटीची घडी गालाला लावून पाहिली. ठणठणीत कोरडी. झटकली असती तर पापडासारखी वाजली असती.

बुवांनी हातसुद्धा लावला नव्हता. नुसतं पाहिलं होतं.

"ओली आहे," ते म्हणाले, आणि अंगावरची जुनी, विरलेली छाटी सारखी करून पोथी उघडून बसले.

"आज गुरुवार आहे, बुवा."

"आहे खरा."

"तुम्ही म्हणाला होतात…"

"म्हणालो होतो की. वाळलेली छाटी आणून दे, ती पांघरतो आणि तुला अनुग्रह देतो." बुवांनी पान उलटलं. "आणून दे."

इंदूताई उभ्याच राहिल्या. बुवा वाचत राहिले…

आता इंदूताई बिवलकर म्हणजे कुणी येणारी-जाणारी बाई नव्हे. लग्न होऊन सुरुवाडीत आल्या, तेव्हापासून त्यांचा या मठात राबता. बिवलकरांना बुवांचा अनुग्रह होता. शेवटच्या आजारपणात ते उशीवर पडल्या पडल्या ओठ हलवत असायचे.

"काय म्हणताय? जरा मोठ्यानं म्हणा ना," ताई कान जवळ नेऊन विचारायच्या.

ते नुसते हसायचे. गुरूनं कानात दिलेलं नाम कुणाला सांगायचं नसतं, बायकोलाही नाही. ओठ हलवत हलवतच गेले.

एवढा संसार एकत्र केला, आणि जाताना नवऱ्याच्या तोंडात काय होतं ते आपल्याला ठाऊक नाही. हे ताईंना आत कुठेतरी सलत राहिलं होतं. बुवा सगळ्यांना एकच नाम देतात, असं त्या ऐकून होत्या. तेच आपल्या कानात पडावं, एवढं एकच मागणं. आणि बुवा आता थकले होते. पावसाळा लागल्यापासून खोकला सुटत नव्हता. ताई रोज सकाळी आधी तो खोकला ऐकायच्या, मग देवाला नमस्कार करायच्या.

तर अशी ती छाटी.

वादळानं विजेचे खांब आडवे केले होते. काही खांब तर भाताच्या खाचरात असे पडले होते की कुणी झोपायला घातलेत म्हणावं. लाइट आज येईल, उद्या येईल, असं म्हणता म्हणता लोकांनी विचारणंही सोडलं. विहिरीवरचा पंप मुका झाला. रहाटाला नवा दोर आला.

इंदूताईंच्या घरी कपडे धुण्याचं मशीन होतं. त्यातून कपडे असे सुके निघतात की दोरीला नुसते दाखवायचे आणि घडी घालायची, हे वाडीतल्या प्रत्येकीला माहीत होतं, कारण ताईंनी प्रत्येकीला सांगितलं होतं. बुवांची छाटीही त्यातच जायची. मात्र आधी मशीन एकदा रिकामं फिरवायचं, मग त्यात एकटी छाटी. सोवळं ते सोवळं.

आता त्या मशीनवर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या, आणि ताई मठाच्या विहिरीवर पदर खोचून बसत होत्या.

विहिरीवर गर्दी असायची. खालच्या वाडीतल्या मासेमारी करणाऱ्या खारवी लोकांच्या घरांवरची कौलं वादळात उडाली, तेव्हा बुवांनी मठाची ओसरी आणि सभागृह त्यांना उघडून दिलं होतं. बायजाआई, तिची सून शेवंता, शेवंताचं तान्हं बाळ, आणखी दोन-तीन घरं. त्यांचं सगळ्यांचं धुणं एकाच दगडावर. चादरी, गोधड्या असल्या की दोघी दोन टोकं धरायच्या आणि उलटसुलट पीळ द्यायच्या. पाणी धो धो पडायचं. मध्येच एकीचा हात सुटला की दुसरी मागे चिखलात बसायची आणि सगळ्या हसायच्या.

ताई त्यांच्यात बसत नसत. सगळ्यांच्या आधी पहाटेचं पहिलं पाणी शेंदायचं, आणि मगच छाटी हातात घ्यायची. शेवंतानं एकदा आपणहून टोक धरायला हात पुढे केला होता.

"ताय, द्या इकडं. येकटीला पिळायची नाय तुमाला. जाड हाय."

"राहू दे गो. सोवळ्याची आहे."

शेवंतानं हात मागे घेतला. ताईंनी छाटी एकटीनंच पिळली. खांबाला एक टोक गुंडाळून पाहिलं, गुडघ्यात दाबून पाहिलं. मग सभागृहात आणून काठीनं उचलली आणि अगदी वर, वाशांना टांगलेल्या सोवळ्याच्या दांडीवर पसरली. हात लागायला नको कुणाचा.

खाली दोऱ्यांवर दोऱ्या होत्या. पावसात बाहेर वाळत घालणार कुठे? या खांबापासून त्या खांबापर्यंत लुगडी, सदरे, परकर, बाळाची दुपटी. मधोमध नारळाच्या सोडणांची शेगडी धुमसत ठेवलेली. तिची ऊब वर चढायची आणि दांडीपाशी जाऊन बसायची. छाटी दुसऱ्या सकाळी कोरडी व्हायची.

खालचं काही वाळायचं नाही. सभागृहात सगळा कुबट वास भरून राहिलेला. बाळ शिंकायचं, रात्रंदिवस किरकिर करायचं. ताईंची जपाची माळ त्या रडण्यात निम्म्यावर अडकायची.

"दोघीदोघी धरून पिळता, तरी तुमचे कपडे असे कसे गो कुबट?" ताईंनी एकदा शेवंताला विचारलं होतं. "साबण नीट काढत जा. आणि बाळाला कोरड्यात ठेवत जा जरा. पुरळ उठलंय बघ मांड्यांवर."

"व्हय, ताय," शेवंता म्हणाली होती.

…तर गुरुवारी छाटी परत आली, तेव्हा ताईंना वाटलं, आपल्यालाच काही कळत नसेल. कडेच्या शिवणीत ओल राहिली असेल. जुन्या माणसांच्या बोटांना असलं कळतं.

पण बोट लावलं कुठे होतं त्यांनी?

शुक्रवारी ताईंनी पुन्हा पहिल्या पाण्यात छाटी धुतली. शनिवारी वाळली तशी घरून पितळी तांब्या आणला, त्यात निखारे घातले, आणि फडक्यानं तांब्या धरून छाटीवर इस्त्री फिरवली. सासूबाई बिवलकरांच्या धोतराला अशीच करायच्या. कापड गरम झालं, कडक झालं. पोळलेली बोटं चोखत ताई बुवांपुढे गेल्या.

बुवांनी पाहिलं.

"ओली आहे."

"बुवा!" ताईंचा आवाज चढला. मग त्यांनाच लाज वाटली. "बुवा, निखाऱ्यांनी इस्त्री केलीय. हात लावून तरी बघा."

"कशाला? दिसतंय ना."

"माझं काही चुकलं असेल तर सरळ सांगा. अनुग्रह द्यायचा नसेल तरी सरळ सांगा. मी काही…" ताईंनी छाटीची घडी पोटाशी धरली. "मला दुसरं काही नको हो. ह्यांच्या ओठावर होतं तेवढंच द्या."

बुवा खोकले. बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "उद्या धू. वाळत घातलीस की मला सांग."

रविवारी ताईंनी छाटी धुतली, एकटीनं पिळली, काठीनं दांडीवर टाकली, आणि सांगायला गेल्या.

बुवा उठले. काठी टेकत सभागृहात आले. लोक पोराबाळांना उचलून, अंथरुणं ओढून त्यांना वाट करून देऊ लागले. बुवा शेगडीपाशी थांबले नाहीत. पाटावर बसले नाहीत. शेवंताचं बाळ जिथं गोधडीवर पडलं होतं तिथं गेले.

"पोरीला घे जरा मांडीवर," ते शेवंताला म्हणाले. "मी बसतो इथं."

आणि त्या गोधडीवर मांडी घालून बसले.

टप्…

बुवांच्या टकलावर थेंब पडला. तो ओघळून भुवईत शिरला. बुवांनी पुसला नाही.

टप्.

बायजाआईनं तोंडाला पदर लावला.

"बुवा, सरका ना थोडे," इंदूताई म्हणाल्या. "पाणी गळतंय तुमच्या अंगावर."

"कसलं गं?"

"छाटीचं."

"कुणाच्या?"

"तुमच्याच. आत्ताच नाही का वाळत घातली."

"माझी छाटी तर कोरडी असते म्हणतेस."

"सकाळपर्यंत होते ना कोरडी."

"असं होय." बुवांनी मान हलवली. थेंब नाकाच्या शेंड्यावर आला. "मग तिच्यातलं पाणी सकाळपर्यंत जातं कुठे?"

…

ताईंनी वर पाहिलं.

दांडीवरची छाटी मधोमध पोक काढून लोंबत होती. त्या पोकाच्या टोकाशी पाणी जमत होतं, लांबत होतं, सुटत होतं. खालच्या दोरीवर बाळाची दुपटी. त्यावर पडत होतं. दुपट्यांवरून त्याच्या खालच्या परकरावर. परकरावरून गोधडीवर. गोधडीवर आत्ता बुवा होते, म्हणून ते बुवांवर पडत होतं.

ताईंनी हात वर करून एक दुपटं चाचपलं. चिंब. नाकाशी नेलं. तोच वास, ज्यावरून त्यांनी तोंड वाकडं केलं होतं.

"शेवंता, हे कधी धुतलंस गो?"

"परवा, ताय."

"आणि असंच ओलं?"

"व्हय."

"दोरी नाही का सरकवायची?"

"सरकवली व्हती. मग बायजाआयच्या लुगड्यावर पडाया लागलं. म्हातारी मानूस, तिला दमा. मग परत इकडं घेतली."

"अगो, मग मला बोलली नाहीस ती!"

शेवंतानं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"सोवळ्याचं पानी, ताय," ती म्हणाली. "तेला काय बोलनार?"

इंदूताईंच्या हातात अजून ती काठी होती, छाटी वर टाकायची. ती त्यांनी खांबाला टेकवली. नीट टेकली नाही, घसरून खाली पडली. ताईंनी उचलली नाही. लाकडी पाट ओढला, त्यावर चढल्या, टाचा उंचावल्या, आणि हातानं छाटी खेचून खाली घेतली. येताना ती तीन परकरांना आणि एका सदऱ्याला घासत आली.

एक टोक त्यांनी शेवंतापुढे धरलं.

"धर."

शेवंता दचकली. "मी? माझी आंगूळ नाय झाली, ताय. पोरीचं आत्ताच काडलंय. हात बी नाय धुतले."

"धर गो बाई. हात दुखतायत माझे."

शेवंतानं बाळ सासूच्या मांडीत दिलं. हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि टोक धरलं. दोघी मागे सरल्या. शेवंतानं उजवीकडे पीळ दिला, ताईंनी डावीकडे. छाटी ताणली, आखडली, दोरखंडासारखी झाली.

आणि पाणी सुटलं. एकटीच्या पिळण्यात एवढं कधीच निघालं नव्हतं. जमिनीवर पडलं, शेगडीपर्यंत धावत गेलं, निखाऱ्यांनी चर्र केलं.

"अगो माजे आये!" बायजाआईनं पाय वर घेतले. "आख्खी हीर व्हती व्हय गो त्यात!"

सगळे हसले. बुवाही हसले, मग खोकले. ताईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदमच. पदर ओला होता, म्हणून त्यांनी डोळे दंडाला पुसले.

मग त्या पिळलेली छाटी हातावर घेऊन बुवांसमोर आल्या. वरची दांडी रिकामी होती. खाली दोऱ्या गच्च भरलेल्या.

"बुवा, ही आता वाळत कुठे घालू?"

"सगळ्यांत खाली."

"खाली? पण तिथं सगळ्यांचं पाणी गळेल हिच्यावर."

"गळेल."

ताईंनी बुवांच्या ओठांकडे पाहिलं. ओठ किंचित हलत होते. बिवलकरांचे हलायचे तसेच.

"मग ही वाळणार कधी, बुवा?"

बुवांनी टकलावरचं पाणी तळहातानं निपटलं, गोधडी उचलून शेवंताच्या हातात दिली, आणि काठी टेकत उठले.

"सगळ्यांचं वाळलं, की."