टिल्लूच्या मापाचं चाक

सांगा बघू, विश्वास कोणावर ठेवावा?

जो गोड बोलतो, त्याच्यावर? ज्याचं दुकान मोठ्ठं, त्याच्यावर? की...

थांबा, थांबा! आत्ताच नका सांगू. आधी टिल्लूची गोष्ट ऐका.

एक होता टिल्लू. टिल्लू होता रोबो. केवढा? वाटीएवढा! खाली दोन चाकं. वर एक हात. हात पोलादी, चकाचक!

टिल्लू राहायचा कारखान्यांच्या गल्लीत. पारूकाकीच्या लाडवांच्या कारखान्यात.

काकीचे लाडू राजगिऱ्याचे. राजगिऱ्याचा लाडू गरम गरमच वळायचा. माणसाने वळला तर चटका! "आई आई गं!" टिल्लूने वळला तर? पोलादी हाताला कसला चटका!

गोल गोल गोल, टप्प!
गोल गोल गोल, टप्प!

लाडू डब्यात.

एके दिवशी काय झालं? बालवाडीची पोरं लाडू खायला येणार होती. सगळी! गुळाचा पाक शिजत होता. खदखद, खदखद. टिल्लूने हात उचलला.

गोल गोल... कट्ट!

हात थांबला. हलेना, डुलेना. टिल्लूच्या हातात होतं एक दातेरी चाक. इवलंसं. त्याचा एक दात तुटून पडला.

"काकी, काकी, माझा दात पडला!"

"पडू दे की. पोरांचे पडतात, परत येतात."

"माझा नाही येत, काकी. मी रोबो!"

"अगं बाई, खरंच की!" काकीने कपाळावर हात मारला. "आता रे? पाक करपला तर कडू. गार झाला तर दगड. आणि पोरं तर आलीच समज!"

काकीने चाक काढलं. टिल्लूच्या पोटाच्या खणात ठेवलं.

"हा नमुना. अगदी अस्संच चाक आण. मी आच मंद करते. पळ!"

टिल्लू निघाला. टुरटुर टिंग! टुरटुर टिंग!

आधी गेला मोठ्ठ्या दुकानात.

"या या या, टिल्लूशेठ!" दुकानवाले भाऊ म्हणाले. "चाक ना? हे घ्या. सगळ्यांना बसतं!"

लावून पाहिलं. चाक मोठं. खडखड, खडखड!

"मग हे घ्या. हे तर तुमच्यासाठीच आलंय!"

लावून पाहिलं. चाक लहान. भुर्रर्र... टण्ण! उडून गेलं.

"भाऊ, हे माझ्या मापाचं नाही."

"माप कसलं घेऊन बसलात! दोन दिवस वापरा. बसेल आपोआप."

भाऊ गोड. चाक मात्र ढिलं. टिल्लूच्या मापाचं चाक तयार मिळतच नव्हतं. ते बनवूनच घ्यायला हवं!

टुरटुर टिंग! टुरटुर टिंग! टिल्लू गेला मिलिंगमावशीकडे. मिलिंगमावशी म्हणजे दाते कोरणारं मशीन. किर्र किर्र, किर्र किर्र!

टिल्लू म्हणाला,

"मावशी, मावशी, दाते कोर.
दाते कोरले की चाक फिरेल.
चाक फिरलं की मी लाडू वळेन!"

मावशीने नमुना पाहिला. इकडून पाहिला. तिकडून पाहिला.

"कोरते की. पण कशावर कोरू? हवेवर? गोल चकती आण. मग दाते कोरते. चकती नाही, तर दाते नाहीत!"

टुरटुर टिंग! टुरटुर टिंग! टिल्लू गेला लेथदादाकडे. लेथदादा लोखंड गरागरा फिरवायचा आणि गोल करायचा. घूंऽऽ घूंऽऽ!

टिल्लू म्हणाला,

"दादा, दादा, चकती कर.
चकती केली की मावशी दाते कोरेल.
दाते कोरले की चाक फिरेल.
चाक फिरलं की मी लाडू वळेन!"

"करतो की रे! त्यात काय!" लेथदादा म्हणाला. "पण हे बघ, माझं तोंड लहान. लांबच लांब सळई मावत नाही. छोटा तुकडा आण. मग चकती करतो. तुकडा नाही, तर चकती नाही!"

टुरटुर टिंग! टुरटुर टिंग! टिल्लू गेला करवतकाकांकडे. काकांपाशी सळयाच सळया. खर्रक खुर्रक, खर्रक खुर्रक!

टिल्लू म्हणाला,

"काका, काका, तुकडा कापा.
तुकडा कापला की दादा चकती करेल.
चकती केली की मावशी दाते कोरेल.
दाते कोरले की चाक फिरेल.
चाक फिरलं की मी लाडू वळेन!"

"हुश्श!" काका म्हणाले. "माझं पातं तापलंय रे बाबा. हात लावून बघ. नको नको, लावू नकोस! तेल आण. मग तुकडा कापतो. तेल नाही, तर तुकडा नाही!"

टुरटुर टिंग! टुरटुर टिंग! टिल्लू गेला गोदाक्काकडे. गोदाक्का साऱ्या गल्लीला तेल विकायची. तिच्या बुधलीतून तेल पडायचं टिप टिप, टिप टिप!

टिल्लू म्हणाला,

"आक्का, आक्का, तेल दे.
तेल दिलं की काका तुकडा कापतील.
तुकडा कापला की दादा चकती करेल.
चकती केली की मावशी दाते कोरेल.
दाते कोरले की चाक फिरेल.
चाक फिरलं की मी लाडू वळेन!"

गोदाक्काने बुधली पदराखाली लपवली.

"लाडू म्हणालास? राजगिऱ्याचा? मला जाम भूक लागलीय. आधी लाडू आण. मग तेल देते. लाडू नाही, तर तेल नाही!"

"आक्का, आधी तेल दे ना. लाडू मग आणतो."

"मग? हं! मागे एकाने माझी बुधली नेली. 'आत्ता आणतो, आक्का,' म्हणाला. ती बुधली अजून येतेच आहे!"

टुरटुर टिंग! टुरटुर टिंग! टिल्लू परत आला पारूकाकीकडे. पाक रटरट, रटरट! दारात पोरंही आली.

"लाडू कुठाय? लाडू कुठाय?"

टिल्लू म्हणाला,

"काकी, काकी, लाडू दे.
लाडू दिला की आक्का तेल देईल.
तेल दिलं की काका तुकडा कापतील.
तुकडा कापला की दादा चकती करेल.
चकती केली की मावशी दाते कोरेल.
दाते कोरले की चाक फिरेल.
चाक फिरलं की मी लाडू वळेन!"

"अरे शहाण्या," काकी म्हणाली, "लाडू असता तर तुला पाठवलं कशाला असतं? पळ परत! पाक तांबूस व्हायला लागला!"

आता हो काय करायचं?

टुरटुर टिंग! टुरटुर टिंग! टिल्लू पुन्हा गोदाक्काकडे.

"आणलास लाडू?"

टिल्लू म्हणाला,

"आक्का, आक्का, लाडू नाही.
तेल दिलं की काका तुकडा कापतील.
तुकडा कापला की दादा चकती करेल.
चकती केली की मावशी दाते कोरेल.
दाते कोरले की चाक फिरेल.
चाक फिरलं की मी लाडू वळेन.
लाडू दिला की आक्का तेल देईल.
तेल दिलं की काका तुकडा कापतील.
तुकडा कापला की दादा..."

"थांब, थांब, थांब!" गोदाक्काने डोकं धरलं. "मला गरगरायला लागलं! हे संपतं कुठे?"

"संपतच नाही, आक्का. गोल गोल फिरतंय."

"म्हणजे लाडू अडलाय तेलासाठी?"

"हो."

"आणि तेल अडलंय लाडवासाठी?"

"हो."

"म्हणजे सगळ्या गल्लीला मीच अडवून बसलेय?"

टिल्लू नुसता टिंग वाजला.

गोदाक्का हसली. पोट धरधरून हसली. मग तिने टिल्लूकडे नीट पाहिलं. वाटीएवढा टिल्लू. हात लुळा. डोळा लुकलुक.

"खरंच आणशील रे लाडू?"

"खरंच आणीन."

"विसरणार नाहीस?"

"नाही विसरणार."

"जा तर मग! आधी तेल. मग लाडू. ठेवला तुझ्यावर विश्वास!"

आणि बुधली आली पदराबाहेर. टिल्लूच्या हाताला लटकली. टिप टिप, टिप टिप!

मग काय विचारता! टिल्लू सुटला! टुरटुरटुरटुर टिंग टिंग टिंग!

आक्काने तेल दिलं. टिप टिप!
काकांनी तुकडा कापला. खर्रक खुर्रक, ठण्ण!
दादाने चकती केली. घूंऽऽ घूंऽऽ, गोल!
मावशीने दाते कोरले. किर्र किर्र, किर्र किर्र!

मावशीने नमुना शेजारी ठेवला. दात्याला दाता लावून पाहिला. केसभर जास्त नाही. केसभर कमी नाही.

"जा, टिल्लूबाळा. हे चाक दुसऱ्या कोणाला बसायचं नाही. तुझंच!"

टुरटुरटुरटुर टिंग टिंग टिंग!

"काकी, काकी, चाक आणलं!"

"आण इकडे! लवकर आण! पाक आता दगडच व्हायचा!"

काकीने चाक बसवलं. खट्ट!

खडखड? नाही. भुर्र? नाही. हात हलला का? हलला! हलला! हलला!

काकीने राजगिरा पाकात ओतला. चर्रर्र!

गोल गोल गोल, टप्प!
गोल गोल गोल, टप्प!
गोल गोल गोल, टप्प!

पोरं नाचायला लागली.

"पहिला मला!"

"नाही, मला! मला!"

"अरे, जरा मला तरी चाखू दे," काकी म्हणाली. "पाक मी शिजवलाय!"

टिल्लूने पहिला लाडू उचलला. सगळ्यांनी हात पुढे केले. सगळ्यांच्या तोंडाला पाणी.

"नाही हं," टिल्लू म्हणाला. "हा गोदाक्काचा. मी शब्द दिलाय."

आणि लाडवाबरोबर आक्काची बुधलीही घेऊन निघाला की! टुरटुर टिंग! टुरटुर टिंग! लाडवाची वाफ पुढे, टिल्लू मागे.

गोदाक्का दारातच बसली होती. रस्त्याकडे बघत. येतो का? नाही येत? येतो का?

टुरटुर... टिंग!

"आला! आला गं बाई!"

गोदाक्काने लाडू फुंकला. फू फू फू! आख्खा तोंडात घातला. कुर्रम कुर्रम!

"ब्येष्ट!" ती म्हणाली. गालावर राजगिरा चिकटला होता. "आता इकडे ये. हात पुढे कर."

टिल्लूने हात पुढे केला. आक्काने नव्या चाकावर तेलाचा एक थेंब सोडला. टिप!

"हा थेंब कशाबद्दल, आक्का?"

"कशाबद्दलच नाही. हा लाडाचा!"

टिल्लूचा हात असा फिरला, असा फिरला, सरसर सरसर! मग त्याने लाडूच लाडू वळले. एक मावशीला. एक दादाला. एक काकांना. मशीनं लाडू खातात का? या गोष्टीत खातात! कुर्रम कुर्रम! एक पारूकाकीला. आणि उरलेले? सगळे पोरांना!

चला, आता डबा तुमच्याकडे. ठेवला तुमच्यावर विश्वास! वाटायचं काम तुमचं आणि हिशोबही तुमचाच. कोणाला किती दिले, ते खरं खरं सांगायचं. आणि वाटता वाटता जो हळूच तुमच्या तोंडात गेला ना, तोही मोजायचा बरं का!