डोणीचा सांगावा

त्या मुलखात कुणालाच आपलं तोंड दिसत नसे. ते पाण्याला विचारावं लागे. सकाळ झाली की पाखरं पाण्यावर जात, आणि एखादं फूल तरंगताना दिसलं की त्याचा रंग गळ्याला लावून पाहत. रंग शोभला तर पाखरू त्या फुलाच्या झाडाकडे उडे. पाखरं आली की झाडाचा वंश वाढे, म्हणून झाडंही पाणी पारखून घेत आणि पसंत पडलेल्या पाण्यावर, ते कितीही लांब असलं तरी, आपली फांदी वळवत. फुलं तर पडतच, वर सावलीही मिळे.

मोठ्या तळ्यावर फांद्यांची नुसती दाटी होती. कोसभर अलीकडे, उघड्या माळावर, एक दगडी डोणी होती. कडेचा टवका उडालेली, जेमतेम वीतभर पाण्याची. तिच्यावर कुणाचीच फांदी नव्हती. ऊन वाढत होतं. चैत्र सरायच्या आत सावली मिळाली नाही, तर डोणीत नुसता दगड उरणार होता.

डोणीने झाडांना सांगावा धाडायचं ठरवलं. दिवसभर घोकून तिने तो वाऱ्याला सांगितला. "हे तेजस्वी पळसराव, आपल्या लालीची कीर्ती दाही दिशांना पसरली आहे. मी आपली फार जुनी चाहती. माझ्याकडे रोज शेकडो पाखरं येतात. आपण दोघं मिळून काहीतरी करू या!"

"आणि हेच सगळ्या झाडांना सांग हो," ती म्हणाली. नाव बदलायचं काही तिच्या ध्यानात आलं नाही.

वारा कामाला चोख. त्याने अक्षर न अक्षर पोचवलं. पांगाऱ्याला पळसराव म्हणाला, सावरीला पळसराव म्हणाला, आणि नखशिखांत पिवळ्या बहाव्यासमोर उभा राहून त्याच्या लालीची कीर्ती गायला. पांगाऱ्याने तोंड फिरवलं. सावर इतकी हसली की तिचं एक बोंड फुटलं. खऱ्या पळसाने मुंगी पाठवून चौकशी तरी केली, आणि मुंगी सांगत आली, "शेकडो कुठली? अकरा. तीही बोडक्या गळ्याची." बहाव्याचा मात्र निरोप आला, "पळस नाल्यापलीकडे राहतो. मी पिवळा आहे."

डोणीच्या शेजारी, खड्यांत, टिटवी राहत असे. माळावर कुणाच्या घरी काय शिजलं हे तिला आधी कळे. ती आली ती बोलतच.

"शेकडो पाखरं म्हणे! अगं, मी इथं दिवसभर डोळे मिटून बसते का?"

"मग काय सांगू, मावशी? खरं सांगितलं तर कोण फांदी वळवील?"

"खरं काय आहे, ते तरी ऐकू दे."

पिसं झडायच्या दिवसांत तळ्यावरची पाखरं एकमेकांना हसत. ज्यांना हसत, ती सगळी मुकाट्याने डोणीकडे येत. तिचं पाणी उथळ, स्थिर, गर्दी नाही. उघडा गळा निवांत पाहता येई. डोणीला या गिऱ्हाइकाची लाज वाटे.

"बोडकी येतात," ती हळूच म्हणाली.

"तीच तर दुसरीकडे कुठं जात नाहीत! आणि काय गं, त्या झाडांचं फूल तू कधी कुणाला लावून तरी पाहिलंस? आमटी न चाखताच 'वा, काय चव' म्हणणारी पाहुणी आणि तू, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं."

एवढं बोलून टिटवी उडाली, आणि एक पळसाची व एक बहाव्याची पाकळी पाण्यात टाकून गेली.

दुपारी त्या अकरांतलं एक पाखरू, होला, आला. महिनाभर त्याने तोंड उघडलं नव्हतं. पळसाचा रंग लावला तर उघड्या गळ्यावर ताजी जखम झाल्यासारखं दिसलं. तो धुऊन त्याने बहावा लावला. जणू कोवळी लव फुटली. होल्याने मान इकडे वळवून पाहिली, तिकडे वळवून पाहिली, आणि घुमला.

डोणीने वाऱ्याला पुन्हा बोलावलं. या खेपेला एकाच दारी.

"बहावाकाका, तुम्हाला पळस म्हटलं, चुकलंच माझं. माझ्याकडे अकराच पाखरं येतात, तीही पिसं झडली म्हणजे. तुमची पाकळी होल्याच्या उघड्या गळ्याला लावली, तर तो महिन्याने घुमला. असं पाखरू तुमच्याकडे कधी आलंय का? मला एक घोस पुरे."

आठ दिवस उत्तर नाही. पाणी बोटभर उरलं.

"पुन्हा विचारू का, मावशी?"

"एकदाच विचार. माझ्यासारखी कोकलू नको."

डोणीने एवढंच कळवलं, "होला अजून घुमतो आहे. बाकीची विचारताहेत, हा रंग कुणाचा."

दोन दिवसांनी, सकाळीच, डोणीला पाणी गार लागलं. वर एक फांदी होती, आणि फांदीला एकच पिवळा घोस.

टवका उडालेल्या कडेवर पाखरं दाटीने बसली. होल्याने पंख भिजवून झटकले, आणि एक थेंब घोसाच्या सगळ्यात खालच्या कळीला लटकून राहिला. त्या थेंबात एक इवलीशी दगडी डोणी होती. कड तुटकी, आणि कडेभोवती अकरा पिवळे गळे.

"बघून घे, बघून घे," टिटवी डोणीला म्हणाली, "पडायच्या आत."

पाखराने मान इकडे-तिकडे वळवावी, तसं डोणीतलं पाणी दोनदा हललं, आणि मग अगदी स्थिर झालं.