बाभळीवरचं वाचनालय

विहिरींवर मोटा चालत होत्या, तेव्हाची गोष्ट. एका विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरण पक्ष्यांची जुनी, रिकामी घरटी लटकत असत. विणायला शिकणारी पोरं तिथे येत, घरट्यात डोकं घालून गाठ कशी मारलीय ते बघत आणि उडून जात. पाखरांचं ते वाचनालयच होतं. एक म्हातारी साळुंकी ते सांभाळायची. सुटलेली काडी परत खोचायची, पण कोणाला कधी काही सांगायची नाही.

एके वर्षी सुगरणींचा म्होरक्या म्हणाला, "इथे कोणी राहत नाही. उगाच जागा अडलीय. पाडून टाका."

साळुंकी गप्प राहिली. सगळी घरटी विहिरीत गेली आणि त्याच फांद्यांवर नवी विणली गेली.

मग वारा सुटला. थोरांची घरटी टिकली, पण पहिल्यांदाच विणणाऱ्या पोरांची एकामागून एक सुटून पाण्यात पडली. त्यातलं एक म्होरक्याच्या लेकाचं होतं. आत सुनेची अंडी होती.

म्होरक्या साळुंकीच्या फांदीवर येऊन बसला.

"माझ्या लेकाला साधी गाठ येत नव्हती? ती तर आम्हाला उपजत येते."

"उपजत?" साळुंकी म्हणाली. "तू अख्खा पावसाळा इथल्याच एका घरट्यात डोकं घालून बसायचास."

म्होरक्याला सगळं आठवलं.

"मग पाडताना बोलली का नाहीस, साळुंकीबाई?"

साळुंकी खाली पाण्याकडे बघत होती.

"मला वाटलं, तुला आठवत असेल."